रक्ताच्या पिशवीचा रकाना

माझ्या मोठ्या पोरानं, मिलिंदनं, उन्हाळ्यात पुण्याहून एक डबी पाठवली. आत प्लास्टिकची नळी. तिच्यात थुंकायचं, झाकण लावायचं आणि कुरिअरनं परत पाठवायची. मग म्हणे ते लोक चाळीस पानांचा कागद पाठवतात. तुम्हाला साखर होईल का, हृदय कसं राहील, काय खाल्लं अन् किती चाललं तर माणूस जास्त जगेल, सगळं त्यात. फोनवर मला म्हणाला, "बाबा, उपाशीपोटी थुंका."

मी म्हटलं, "लेका, मी अडुसष्ट वर्षांचा. आता जास्त जगून कोणाले दाखवू?"

डबी फ्रीजवर पडून आहे. मी त्या विद्येच्या विरुद्ध नाही. तीस वर्षं मी तेच काम केलं, फक्त थुंकीच्या जागी रक्त होतं. जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये परिचर होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, त्यांची नाही. शिक्षण पाचवी. आधी काचेच्या नळ्या धुतल्या, मग नळ्या भरल्या, मग गाडीसोबत गावोगाव जाऊन लोकांची बोटं टोचली. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं की तुमच्या नोकरीबद्दल लिहा. शुद्धलेखन ते पाहतील. खरं-खोटं मी पाहतो.

माझी बायको पंचफुला गेल्या भाद्रपदात वारली. तिला सोडून मला नोकरीबद्दल लिहिता येत नाही. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, पण अर्धं काम तिनं केलं. आणि हजारो लोकांचं रक्त मी बरोबर पाहिलं, तिचंच चुकीचं पाहिलं. ते तीस वर्षं तिच्या हाडांनी सोसलं.

रोगाचं नाव सिकलसेल. आमच्याकडे हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही येतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रक्तातली पेशी गोल असते. या रोगात ती विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते, अन् मग हाडं अशी दुखतात की धट्टाकट्टा माणूस लहान लेकरासारखा रडतो. रक्त टिकत नाही, डोळे पिवळे पडतात. हा रोग शिवून लागत नाही, मायबापाकडून येतो. आमच्या बौद्ध वस्त्यांत आहे, गोंड-परधानांत आहे, इतरांतही आहे. डॉक्टर सांगायचे की जुन्या काळी ज्याच्या अंगात हा थोडा होता तो मलेरियातून वाचला, म्हणून पुढच्या पिढ्यांत राहिला. मी ते गावात सांगायचो तेव्हा माणसं जरा सरळ बसायची. त्याआधी लोक हा शब्द शिवीसारखा ऐकत.

समजावून सांगायची माझी पद्धत दाण्यांची होती. एका खिशात ज्वारी, दुसऱ्या खिशात उडीद. प्रत्येकाच्या मुठीत दोन दाणे असतात, असं मी सांगायचो. एक मायनं दिलेला, एक बापानं. दोन्ही ज्वारी, तर काही नाही. एक ज्वारी एक उडीद, तर तुम्ही वाहक. तुम्हाला रोग नाही, पण लेकराला काळा दाणा देऊ शकता. दोन्ही उडीद, तर रोग. वाहकाला आम्ही पिवळं कार्ड द्यायचो, रोग्याला लाल, बाकीच्यांना पांढरं. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न करू नये, केलं तर पोट राहिल्याबरोबर डॉक्टरकडे यावं. एवढंच सगळं शास्त्र. पत्रिका पाहता ना, तसं कार्ड पाहा, असं सांगत मी फिरलो.

पण बोट द्यायला कोणी तयार नसायचं. बाया तर गाडी दिसली की शेतात जायच्या. मी लॅबच्या साहेबांना म्हटलं, माझ्या घरच्या बाईला नेऊन पाहू का? साहेब म्हणाले, बघा.

पहिल्याच गावात पंचफुला पारावर बसली, पदर खोचला अन् बाया ऐकतील अशी मला म्हणाली, "आधी माह्यं टोचा. पाहू दे बायांले, मी मरतो का जगतो."

टोचलं. डाव्या हाताचं अंगठीचं बोट, कडेला, मधे नाही. पहिला थेंब कापसानं पुसून टाकायचा, दुसरा नळीतल्या औषधात सोडायचा. पाच मिनिटं थांबायचं. नळीच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त साफ. नळी गढूळ झाली अन् रेघा दिसेनाशा झाल्या, तर काळा दाणा आहे. एक की दोन, हे नळी सांगत नाही. त्यासाठी बाटलीत रक्त भरून बर्फाच्या डब्यात दवाखान्यात न्यायचं अन् मशीनवर लावायचं.

पंचफुलाची नळी गढूळ झाली. बाया मागं सरकल्या. ती उठून उभी राहिली.

"काय वं, काऊन पळता? गढूळ आलं. मेली का मी? तीन पोट्ट्याईची माय हाय मी. धाकटी तं दोन महिन्याची हाय, तिच्या आजीजवळ ठेवून आली. या, द्या बोटं."

त्या दिवशी तिचं रक्त बाटलीतही घेतलं. मशीनवर गेलं. वाहक निघाली. पिवळं कार्ड मीच तिच्या हातात दिलं. तेव्हापासून प्रत्येक गावात पहिलं बोट तिचं. नळी दरवेळी गढूळ यायची अन् आमचं काम सोपं व्हायचं. मशीनवर मात्र परत कधी लावलं नाही. कार्ड झालेल्या माणसाला परत काय लावायचं?

बोटांबद्दल सांगतो. दिवाळीनंतर टोचायला सगळ्यात अवघड बोट कापूस वेचणाऱ्या बाईचं. बोंडाच्या टोकांनी बोटं अशी चिरलेली असतात की सुई कुठं लावावी कळत नाही. थंडीत रक्तही येत नाही. दाबून काढलं तर अंगातलं पाणी मिसळतं. पंचफुला त्या बायांचे हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायची, ऊब आली की माझ्याकडे द्यायची. मधल्या वेळात सून कशी आहे, तूर कशी आहे, सगळं विचारून घ्यायची. ती नसती तर मी अर्धे नमुने वाया घालवले असते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. जाम गावच्या चौकाजवळ एक ढाबेवाला होता. पोराचं लग्न जुळत आलेलं, मुलीकडचे कार्ड मागत होते. पोरगा ट्रकवर बाहेरगावी. बाप स्वतःचं बोट पुढं करून बसला.

"याच्या नावानं माह्यंच घ्या."

मी म्हटलं, "तसं चालत नाही, बुवा. ज्याचं नाव त्याचं रक्त."

"माह्यंच तं रक्त हाय त्याच्यात! तुमीच तं सांगून राह्यले आत्ता, दाणे-फिणे."

पंचफुला म्हणाली, "मंग असं करा भाऊजी, नवरदेव बी तुमीच व्हा."

ढाब्यावरचे सगळे हसले, तोही हसला. पोरगा परत आल्यावर घेऊन आला. पिवळा निघाला, मुलगी पांढरी होती, लग्न झालं. जामवरून गेलो की तो आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. मला या कामाचा अभिमान आहे तो अशांसाठी. डॉक्टरांनी वाचवलेला माणूस दिसतो. आम्ही जे दुखणं जन्मालाच येऊ दिलं नाही, ते कोणाला दाखवणार?

आता चुकीकडे येतो.

प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असायचा. नाव, वय, गाव, घरात कोणाला असं दुखणं. आणि शेवटचा रकाना : गेल्या तीन महिन्यांत रक्ताची पिशवी चढली का? चढली असेल तर नमुना घ्यायचा नाही, नंतर बोलवायचं. कारण साधं आहे. पिशवीतलं रक्त दुसऱ्याचं असतं. मशीन दोघांचं रक्त मिसळून दाखवतं. ज्याच्या मुठीत दोन्ही काळे दाणे आहेत त्याच्यातही ज्वारी दिसते, ती उसनी. लाल कार्डाचा माणूस पिवळा निघतो.

हे मला पक्कं शिकवलं होतं. मी दुसऱ्यांनाही शिकवलं. पण लाईन लांब असली, ऊन चढलं, बाया निघून जातील अशी भीती वाटली, की मी त्या रकान्यात आधीच "नाही" लिहून ठेवायचो. वीस-पंचवीस फॉर्मांवर एकदम. कोणाला एवढ्या पिशव्या चढतात, असं वाटायचं.

पंचफुलाच्या फॉर्मवरही मी "नाही" लिहिलं. आणि धाकटीच्या बाळंतपणात तिच्या अंगातून रक्त वाहून गेलं होतं, दोन पिशव्या चढल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीच. त्यातली एक माझी होती. मी स्वतः झोपून दिली होती, गावभर सांगितलं होतं. अन् तिच्या फॉर्मवर "नाही" लिहिताना मला ते आठवलंसुद्धा नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

मशीनवर जे चांगलं रक्त दिसलं, ते माझं होतं.

त्यानंतर तीस वर्षं. पौष लागला की तिची हाडं दुखायची. मांड्या, कंबर, हाताच्या नळ्या. ती भिंतीकडे तोंड करून पडायची अन् दातांत पदर धरायची. मी म्हणायचो, वात आहे. तिची सासू म्हणजे माझी माय म्हणायची, कामाचं ढोंग आहे. डोळे पिवळे पडायचे. मी लॅबचा माणूस, अन् बायकोला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेलो. एकदा नाही, तीनदा. तो हातावर चुना चोळून पाणी पिवळं करून दाखवायचा अन् मी मान डोलवायचो. दवाखान्यातही दाखवलं, पण तिथं कोणी विचारलं की मीच पुढं होऊन सांगायचो, "वाहक आहे, कार्ड आहे." वाहकाला असं दुखत नाही, हेही मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं की हे दुखणं दुसरं काही आहे. कार्डावर माझा भरवसा होता, तिच्या हाडांवर नव्हता.

दुखणं उतरलं की चौथ्या दिवशी ती गाडीत बसायला तयार. "चला, कोणतं गाव हाय आज?"

मी रिटायर झालो, पुढं काही वर्षांनी एका हिवाळ्यात तिला छातीत दुखून ताप भरला. आमच्याच दवाखान्यात भरती केलं. वॉर्डात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं, मशीनवर रक्त पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"काका, यांना सिकलसेलचा आजार आहे. वाहक नाही, आजार."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे काम केलं. तिचं कार्ड पिवळं आहे. रिपोर्ट चुकला असेल, परत लावा."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं कार्ड कोणतं?"

"पांढरं."

"मुलं किती? त्यांची?"

"तीन. तिन्ही पिवळी."

"तिन्ही?"

"येतो कधी कधी तोच दाणा तीनदा."

"येतो," त्या म्हणाल्या. "पण आईकडे दोन्ही काळेच असले तर दुसरा येऊच शकत नाही ना, काका?"

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. हजार वेळा मी लोकांच्या तळहातावर ते दाणे ठेवले होते. माझ्या घरात तीन लेकरं, तिघांच्याही मुठीत एकेक उडीद, अन् मला दिसलं नाही. मॅडमनी विचारलं, पहिली तपासणी केली तेव्हा कधी रक्त चढलं होतं का? मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी एवढंच सांगितलं की काही जणांत हा जरा सौम्य असतो, म्हणून पंचफुला इतकी वर्षं काढू शकली. गोळी सुरू करू, दुखणं पुष्कळ कमी होईल. ती गोळी आमच्या दवाखान्यात कितीतरी वर्षांपासून होती. मी स्वतः लोकांना त्या खिडकीशी नेऊन उभं केलं होतं.

पंचफुलाला मी तिथंच पलंगाजवळ सांगितलं. गोल फिरवून सांगता येत नाही मला. म्हटलं, "तुह्यं कार्ड चुकलं. लाल हाय. पिशवी चढलीती तवा मी टोचलं, अन् फॉर्मवर नाई लिहिलं."

ती म्हणाली, "म्हंजे मी ढोंगी नव्हती."

"नाई."

"तुमची माय जित्ती पायजे होती आज," ती म्हणाली अन् कुशीवर वळली.

मला वाटलं झालं, एवढ्यावर सुटलो. चार दिवसांनी सुट्टी झाली, घरी आलो. अंगणात ऊन घेत बसली होती. मला जवळ बोलावलं.

"एक विचारतो, खरं सांगा. माह्याच फॉर्मवर लिहिलं तसं, का अजून?"

मी औषधांची पिशवी उघडून गोळ्या मोजू लागलो.

"अवो, विचारून राह्यली मी. अजून कोणाच्या?"

"लाईन लांब राह्यली का लिहायचो," मी म्हटलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची अन् आत जायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. स्वतःच्या तीस वर्षांचं तिनं दोन वाक्यांत सोडून दिलं, पण या गोष्टीचं सोडेना. तिसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभी.

"चला."

"कुठं?"

"ज्याईले तुमी विचारलं नाई, त्याईले विचाराले. माह्यासारख्या पडल्या असतील कुठं भिंतीकडं तोंड करून."

मी आधी दवाखान्यात जाऊन आताच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी रागावून घेतलं, ते बरोबरच होतं. जुनी रजिस्टरं काढून दिली. पण रजिस्टर काय सांगणार? त्या रकान्यात सगळीकडे माझ्याच अक्षरात "नाही". खरं रजिस्टर पंचफुला होती. हात चोळता चोळता तिनं त्या बायांशी जे बोलून घेतलं होतं, ते तिच्या डोक्यात होतं. या गावची ती, जिचं जुळं झालं. त्या गावची ती, जिचं पोट पडलं अन् वर्ध्याला नेलं होतं. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाया तिला नावानिशी आठवत होत्या. एकतीस नावं निघाली. पिवळ्या कार्डाच्या, अन् त्या काळात नुकत्या बाळंत झालेल्या किंवा आजारातून उठलेल्या.

दोन हिवाळे आम्ही एसटीनं फिरलो. समुद्रपूर, सेलू, कारंजा, आष्टी. गोळीनं तिला खरंच आराम पडला होता. पाण्याची बाटली अन् स्वेटर सोडायची नाही, एवढंच पथ्य. बहुतेक बायांच्या घरी जाऊन कळायचं की तिला पिशवी चढलीच नव्हती, कार्ड बरोबर आहे. तेव्हा पंचफुला खूश होऊन चहा प्यायची. काही जणी गाव सोडून गेल्या होत्या. सेलूकडे एका घरी मुलगा म्हणाला, माय तर सहा वर्षांआधी गेली. कशानं, विचारलं. "वातानं. थंडीत लय दुखे तिले." तिला पिशवी चढली होती का, हे त्याला माहीत नव्हतं. आता ते कोणालाच माहीत नाही.

तळेगावच्या पुढं, डोंगराच्या बाजूला गोंडांची एक वस्ती आहे. तिथं जंगूबाई. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, नवरा जंगलखात्यात मजूर होता, तो वारलेला. पंचफुलाला ती आठवत होती कारण बोट टोचताना ती खळाळून हसली होती. आम्ही गेलो तेव्हा खाटेवर होती, मांडीला लुगड्याची पट्टी घट्ट बांधलेली. आम्हाला तिनं ओळखलं नाही. पंचफुला सरळ तिच्या खाटेवर जाऊन बसली.

"कुठून सुरू होते वं तुह्यं? मांडीतून का कमरेतून?"

"कमरेतून," जंगूबाई म्हणाली. "मंग खाली उतरते."

"माह्यं मांडीतून वर चढते. हाडात कोणी रवी फिरवल्यासारखं?"

"रवी नाई, बाई. कुऱ्हाड."

"हो, कुऱ्हाड! म्या याईले सांगे तं हे म्हणत, वात हाय."

दोघी माझ्याकडे पाहून हसल्या. मग तासभर त्या आपापल्या दुखण्याबद्दल बोलल्या, जशा बाया आपापल्या जावयांबद्दल बोलतात. माझं जरा वर, तुझं जरा खाली. जंगूबाईनं पेटीतून पिवळं कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं, खाली माझी सही. मी विचारलं, "हे कार्ड झालं त्याच्या आधी रक्ताची पिशवी चढली होती?"

"लाहान्या पोराच्या वक्ती. तीन चढल्या. तुमी विचारलंच कुठं?"

तिच्या मोठ्या पोरानं तिला दवाखान्यात आणलं. लाल निघाली. गोळी घ्यायला तयार होईना, म्हणे जन्मभर गोळी म्हणजे मरेपर्यंत आजारी. पंचफुलानं आपली गोळी तिच्यासमोर काढली, पाण्याच्या घोटानं गिळली अन् म्हणाली, "मी जितके दिवस खाईन तितके दिवस तू बी खाशील. आधी कोण सोडते पाहू." मॅडम उभ्या होत्या, त्याही हसल्या. गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळतील अशी सोय त्यांनी करून दिली. मॅडमनी आता आमच्या लॅबच्या पोरांना सांगून ठेवलं आहे की तो रकाना माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय भरायचा नाही. कारण कोणाचं नाव घेऊन सांगत नाहीत. मी गेलो की मीच माझं नाव घेऊन सांगतो.

एकतीस नावांतल्या आठ जणींची परत तपासणी झाली. दोघी लाल निघाल्या. जंगूबाई अन् समुद्रपूरकडची एक. एकतीसच्या बाहेर किती असतील, ते मला माहीत नाही. मी ते विचारत बसलो की पंचफुला म्हणायची, "जेवढं आठवलं तेवढं केलं. आता सुपारी द्या."

मी तिची माफी कधी मागितली नाही. एकदा तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या. तुमच्या पिशवीनं तं मी वाचली, अन् तुमच्याच पिशवीनं फसली. आता कोणत्या हिशोबानं भांडू तुमच्यासंगं?" अन् हसली. तिचं हसू मोठं होतं, शेजारी ऐकू जाई.

गेल्या भाद्रपदात पाऊस लागून राहिला होता. तिला खोकला झाला. तिसऱ्या दिवशी छाती भरली. मॅडमनी सगळं केलं. या रोगात छाती भरली की काही चालत नाही, असं मी लोकांना सांगत आलो होतो. तिला शुद्ध होती. सलाईनसाठी नर्सला शीर सापडेना, तर तिलाच धीर देत होती, "घे बाई, आरामानं घे." चौथ्या दिवशी सकाळी गेली. तिन्ही लेकरं जवळ होती. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

हिवाळा मी कसा काढला ते सोडून देतो.

फाल्गुनात, होळीच्या दोन दिवस आधी, मी अंगणात लसूण सोलत बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटकाशी जंगूबाई उभी. एकटी आली होती. स्टँडपासून पायी आलेली, कपाळावर घाम, हातात मोहाच्या फुलांची पुरचुंडी.

"बाई कुठं गेली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "या, बसा."

"बसाले नाई आली. तिले सांगाले आली. तिनं म्हटलंतं, हिवाळा गेला का मले येऊन सांगजो, कसा गेला ते. बलावा तिले."

मी सांगितलं.

जंगूबाई उभीच राहिली. पुरचुंडी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाली, "मले कोनी कळवलं नाई."

"मीच कळवलं नाही," मी म्हटलं.

थोड्या वेळानं ती पायरीवर बसली. पुरचुंडी बाजूला ठेवली. मी पाणी आणून दिलं, ते सगळं प्यायली. मग म्हणाली, "मंग तुमीच ऐका, भाऊ. कोनाले तं सांगा लागन."

अन् तिनं सांगायला सुरुवात केली. कार्तिकात कापूस वेचला, पूर्ण तास, म्हणजे कपाशीची अख्खी ओळ धरून, मधात बसली नाही. मार्गशीर्षात दोनदा डोंगरातून सरपण आणलं. पौषात सगळ्यात जास्त थंडी पडली, त्या आठवड्यात कंबर थोडी कुरकुरली, पण पाणी पीत राहिली अन् दुसऱ्या दिवशी उठली. तूर कापली. माघात नातीचं लग्न झालं, त्यात ढोलासमोर नाचली, पोरं म्हणाली आजी बस, ती बसली नाही. एकही दिवस तिनं सोडला नाही. पुरा हिवाळा सांगायला तिला तासभर लागला.

मी तो सगळा ऐकला.